डागडुजीला नारळ फुटत नाही

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण अंगाला तलवाडा हे गाव आहे आणि गावालगतच्या टेकडीवर त्वरिता देवीचे ठाणे आहे. देवीचे हे नाव महाराष्ट्रात फारसे कानावर पडत नाही. अग्निपुराणात त्वरितेच्या मंत्रांचे आणि पूजेचे स्वतंत्र अध्याय आहेत, श्रीविद्येच्या परंपरेत ती नित्या देवतांमध्ये मोजली जाते आणि तुळजापूरच्या भवानीची कथा सांगणारेही, ऋषिपत्नी अनुभूतीच्या हाकेसरशी धावून आली म्हणून, तिला त्वरिता म्हणतात. इतके जुने आणि विरळा नाव एका आडवळणाच्या गावाने पिढ्यानपिढ्या धरून ठेवले, हाच त्या जागेच्या महत्त्वाचा पहिला पुरावा. याच तालुक्यात राक्षसभुवन आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. गोदेच्या पात्रातले महानुभावांचे पांचाळेश्वरही याच तालुक्यात, आणि शेजारच्या माजलगाव तालुक्यात यादवकालीन पुरुषोत्तमपुरी. पर्यटन खात्याच्या गुळगुळीत पुस्तिकेत यांतले जेमतेम एखादे नाव सापडेल. तरीही अशा गावांतल्या जुन्या वास्तूंचे काय करायचे, हा प्रश्न मला अजिंठा-वेरूळपेक्षा अवघड वाटतो, कारण इथे उत्तर द्यायला पहारेकरी, तिकीटघर, पुरातत्त्व खात्याचा फलक यांतले काही नसते. उत्तर गावालाच द्यावे लागते.

लहान गावातल्या जुन्या वास्तूंना कशाचा धोका, असे विचारले की बहुतेक जण म्हणतात, दुर्लक्षाचा. हे अर्धेच खरे आहे. ज्या वास्तूकडे कुणी फिरकत नाही, ती सावकाश पडते. आधी शिखरावर पिंपळ उगवतो, मग सांधे उलतात, मग एका पावसाळ्यात कोपरा ढासळतो. या सगळ्याला शंभर-दीडशे वर्षे लागतात आणि तोवर दगड तरी जागेवर असतात. पण ज्या वास्तूवर गावाची श्रद्धा आहे, ती एका उन्हाळ्यात ओळखू येईनाशी होते. काळ्या पाषाणाच्या खांबांवर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसते, जुना मंडप उतरवून त्या जागी स्लॅबचा सभामंडप उभा राहतो, आणि दाराशी पडून असलेल्या वीरगळांवर पेव्हर ब्लॉकचा ढीग रचला जातो. यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट गावातली सर्वांत खटपटी, देवावर सर्वांत जास्त जीव असलेली माणसे हे काम करतात, स्वतःच्या खिशातले पैसे घालून करतात. मराठवाड्याच्या खेड्यांत जुने आज उपेक्षेपेक्षा जिव्हाळ्याने अधिक नष्ट होते, आणि त्या जिव्हाळ्याला चुकीची वाट आपल्या निधीच्या पद्धतीने दाखवली आहे, असे माझे म्हणणे आहे.

ती पद्धत जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. एखाद्या गावच्या देवस्थानाला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला की जिल्हा नियोजन समितीमार्फत विकासकामांना पैसे मिळण्याची वाट खुली होते. हे पैसे रस्ता, भक्तनिवास, स्वच्छतागृह, संरक्षक भिंत, सभामंडप अशा कामांना मिळतात. त्याखेरीज आमदार निधी, खासदार निधी, एखाद्या कारखानदाराची देणगी. या सगळ्या पैशांची एक अट असते, ती कागदावर लिहिलेली नसते: काम दिसले पाहिजे. भूमिपूजन करता आले पाहिजे, कोनशिला बसवता आली पाहिजे, मोजमाप पुस्तिकेत घनमीटर भरता आले पाहिजेत. छतावरचा चुन्याचा कोबा नव्याने केला, पन्हळ मोकळी केली, सांध्यातले गवत मुळासकट काढून चुन्याने दर्ज भरली, या कामांचा फोटो चांगला येत नाही. डागडुजीला नारळ फुटत नाही. मार्चअखेर निधी खर्ची टाकायचा असतो, अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या दरसूचीत सिमेंट, सळई, फरशी यांचे दर तयार असतात, आणि चुना मळून, मुरवून वापरणारा गवंडी शोधायला कुणालाच वेळ नसतो. त्यामुळे पुजाऱ्यापासून पालकमंत्र्यापर्यंत सगळ्यांना देऊळ चांगले व्हावे असे मनापासून वाटत असूनही निकाल एकच लागतो. देवस्थान इनामाच्या जमिनींवर पूर्वी वर्षाची दिवाबत्ती आणि लहानसहान दुरुस्ती भागे. त्या जमिनींचे वाद आता कचेऱ्यांत अडकले आहेत. दरवर्षी थोडा येणारा पैसा आटला आणि दहा वर्षांतून एकदा घसघशीत येणारा पैसा सुरू झाला. वास्तूच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे, कारण जुन्या इमारतीला एकदम मोठ्या रकमेची गरज क्वचित पडते. तिला दर पावसाळ्याआधी थोडे लक्ष लागते.

या म्हणण्याला पुरावा हवा असेल तर तो महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या देवळांनी अलीकडेच दिला आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या जतनाचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवावे लागले. सुमारे ७३ कोटींच्या आराखड्यातल्या या कामाचा एक मोठा भाग काय होता? मागच्या पिढ्यांनी भक्तिभावाने बसवलेली संगमरवरी आणि ग्रॅनाइटची फरशी उचकटून काढणे, रंग खरवडणे, मूळचा दगड पुन्हा उघडा करणे. हे करतानाच मे महिन्याच्या अखेरीस फरशीखालचे एक तळघर सापडले आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर शेंदराचे थर इतके साचले होते की २०२२ मध्ये ते उतरवले तेव्हा त्यांचे वजन अकराशे किलोंच्या घरात भरले, आणि त्याखालून देवीचे मूळ रूप समोर आले. तेव्हाही मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद होते. दोन्ही ठिकाणी भाविक चिडले नाहीत. उलट जुने रूप पाहायला रांगा लागल्या. म्हणजे पंढरपूर आज कोट्यवधी रुपये खर्चून जे काढते आहे, तेच लहान गावांतली देवळे वर्गणी जमवून बसवत आहेत. पंढरपूरला चूक परत फिरवण्याइतका पैसा, तज्ज्ञ आणि शासनाचे लक्ष आहे. तलवाड्यासारख्या गावाच्या वाट्याला ती संधी दुसऱ्यांदा येणार नाही. तिथे एकदा उतरवलेला मंडप पुन्हा चढत नाही. त्याचे खांब कुणाच्या तरी विहिरीच्या काठाला किंवा शाळेच्या पायरीला लागलेले असतात.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, असे मानणारे बरेच आहेत. रंग लावला तर बिघडले काय, ज्याची त्याची आवड, असे ते म्हणतात. पण जुन्या बांधकामाचे शास्त्र साधे आहे आणि ते आवडीनिवडीवर चालत नाही. चिऱ्यावर चिरा बसवून उभारलेली किंवा चुन्यात बांधलेली भिंत सांध्यांवाटे ओल घेते आणि सांध्यांवाटेच ती सोडते. सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट बाहेर पडण्याची ही वाट बंद करतात. आत शिरण्याची वाट, म्हणजे फुटके छत, तशीच राहते. मग ओल आत साठते, क्षार पृष्ठभागावर येतात, नक्षीचे पापुद्रे सुटू लागतात. चुना मऊ असतो म्हणून हालचाल झाली तर तडा चुन्यात जातो, दगड शाबूत राहतो; सिमेंट कडक, म्हणून तडा दगडाला जातो. त्यातही सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे जुन्या भिंतींवर ओतलेले नवे शिखर. ज्या भिंती विटांचे हलके शिखर पेलण्यासाठी उभ्या केल्या त्यांच्या माथ्यावर काँक्रीटचे वजन चढवायचे आणि वर पाच रंग द्यायचे, हे धाडस गावोगाव चालू आहे. ते पाहून जुन्या गवंड्यांची आठवण येते, कारण कमीत कमी लोखंडात आणि निव्वळ तोलावर इमारत उभी ठेवण्याची अक्कल त्यांच्याकडे होती.

इथे एक भक्कम आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे देवळांचा जीर्णोद्धार ही परंपराच आहे, असे म्हटले जाते. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, वेरूळच्या घृष्णेश्वराचाही केला. त्यांनी नवे बांधले तर ते पुण्य आणि आजच्या गावाने बांधले तर तो अपराध, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे. बदललेच नाही असे देऊळ महाराष्ट्रात शोधूनही मिळणार नाही, आणि ‘मूळ’ रूप म्हणजे नेमके कोणत्या शतकातले, यावर अभ्यासकांचेही एकमत होत नाही. यादवांच्या देवळाला मराठाकाळात ओवऱ्या येतात, पुढे दीपमाळ येते, निजामाच्या अमदानीत नगारखाना येतो. हे सगळेच आता जुने आहे आणि सगळेच जपण्यासारखे आहे. पण अहिल्याबाईंच्या कामाच्या दोन बाजू या युक्तिवादात गाळल्या जातात. एक म्हणजे त्यांनी बहुतेक ठिकाणी भग्न, पडीक झालेली देवस्थाने उभी केली, धडधाकट मंडप जागेच्या टंचाईसाठी पाडले नाहीत. दुसरी अधिक मोलाची. बांधून झाल्यावर पूजेअर्चेच्या खर्चाची कायमची नेमणूक लावून दिली जाई. म्हणजे वास्तूबरोबर तिच्या उद्याचीही तरतूद होई. आजच्या जीर्णोद्धारात बांधकामाच्या खर्चाचे आकडे कोनशिलेवर कोरलेले असतात आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी कुठेही पैसाभर तरतूद नसते. परंपरेचा आधार घ्यायचाच तर तो पूर्ण घ्यावा.

दुसरा आक्षेप भाविकांच्या बाजूचा. देऊळ हे वस्तुसंग्रहालय नव्हे, नवरात्रात हजारो माणसे येतात, त्यांना उन्हापावसात उभे करून तुमचे दगड जपायचे का, असा. याला उत्तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरने देऊन ठेवले आहे. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथात ज्याचा उल्लेख येतो ते तगर हेच. तिथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू गजपृष्ठासारखी अर्धगोल आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा जाणकारांच्या लक्षात आले की हा आकार प्राचीन चैत्यगृहाचा आहे. त्या घडणीची बांधीव वास्तू भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. ती तेरमध्ये का उरली? तिथे रोज पूजा होत राहिली म्हणून. संत गोरोबाकाकांच्या या गावाने पुरातत्त्व खाते जन्मण्याआधी अनेक शतके हे देऊळ वापरून जपले. तेव्हा वापर हा जतनाचा शत्रू नाही, हे मी आक्षेप घेणाऱ्यांइतकेच ठामपणे म्हणेन. वस्तुसंग्रहालय करा असे कुणी म्हणतच नाही. मुद्दा एवढाच की गर्दीसाठी लागणारी सावली जुन्या मंडपाला न चिकटता, चार पावले दूर, हलक्या पत्र्याची किंवा कापडाची, पुढे काढून टाकता येईल अशी उभी करता येते. टेकडीवर देवस्थान असेल तर भक्तनिवास पायथ्याशी बांधता येतो. टेकडीचा मुरूम उपसून वरपर्यंत चारचाकी नेणारा रस्ता केला नाही तर वृद्धांसाठी डोली किंवा लहान वाहन ठेवता येते. यांतल्या कुठल्याही सोयीसाठी जुना एक चिरा हलवावा लागत नाही. सोय आणि जुने यांच्यात निवड करावी लागते, हा समज बहुधा कंत्राटाच्या सोयीतून आलेला असतो.

तेरची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावच्या व्यापाऱ्याने शेतात, ओढ्याकाठी, पावसाने उघड्या पडलेल्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या: मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती काम. त्यातून आजचे तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. गावातल्याच एका माणसाने सातवाहनकाळाचा पुरावा वाचवला. काटेकोर पुरातत्त्वज्ञ म्हणतील की वस्तू थरातून सुटली की तिची अर्धी माहिती जाते, आणि ते बरोबर आहे. पण त्या काळी दुसरा पर्याय वस्तू हरवण्याचा होता. आजही मराठवाड्यातल्या अनेक गढ्यांची आणि जुन्या वसाहतींच्या टेकाडांची पांढरी माती ट्रॅक्टरने उचलली जाते, आणि तिच्याबरोबर खापरे, विटा, राखेचे थर निघून जातात. त्यांची नोंद कुठेच होत नाही.

नोंदीचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याला बीड जिल्ह्याइतका चांगला दाखला दुसरीकडे मिळणार नाही. पुरुषोत्तमपुरीचे ताम्रपट शके १२३२ चे, म्हणजे इ.स. १३१० चे. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या राजवटीच्या अगदी अखेरच्या दिवसांतले हे दानपत्र वा. वि. मिराशी यांनी संपादून प्रसिद्ध केले. यादवांच्या इतिहासाला तर त्याने मोठा आधार दिलाच, पण गावकऱ्याच्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट निराळी आहे. दान दिलेल्या गावांची नावे त्यात आहेत, आणि गोदाकाठच्या गावांशी ती पडताळून पाहता येतात. सातशे वर्षांत राजवटी बदलल्या, नदीने काठ बदलले, विटांच्या बांधणीसाठी नावाजलेल्या तिथल्या पुरुषोत्तमाच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे मोठे काम अलीकडे शासकीय निधीतून हाती घेतले गेले. पण पत्र्यावर कोरलेली गावांची यादी जशीच्या तशी राहिली. अंबाजोगाईलाही असेच आहे. यादवांचा सेनापती खोलेश्वर याची मुलगी लक्ष्मी हिने लढाईत पडलेल्या आपल्या भावाच्या, रामाच्या स्मरणार्थ देऊळ बांधले. हे आपल्याला कळते ते शके ११६२ च्या शिलालेखामुळे. तेराव्या शतकातल्या एका बहिणीचे दुःख आणि तिची ऐपत, दोन्ही त्या दगडामुळे आपल्यापर्यंत पोचली. लेख नसता तर ते आणखी एक ‘हेमाडपंती’ देऊळ ठरले असते, आणि मराठवाड्यात काळ्या दगडाचे जे दिसेल त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होण्याची आपली सवय माहीतच आहे.

मग आजच्या गावाने स्वतःच्या वास्तूंची नोंद का करू नये? त्यासाठी ना निधी लागतो, ना परवानगी. प्रत्येक खांबाचा, द्वारशाखेचा, वीरगळाचा चारी बाजूंनी मोबाइलने काढलेला फोटो, टेपने घेतलेली मापे, कोणता दगड कुठे होता याचा साधा नकाशा, वयस्कर माणसांनी सांगितलेली माहिती, आणि हे सगळे ग्रामपंचायतीच्या दप्तरात व जिल्हा परिषदेच्या शाळेत एकेक प्रत. मारुतीच्या पाराशी शेंदूर फासून ठेवलेले वीरगळ पाहा. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन जातात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो. गुरे वळवताना किंवा गाव राखताना मेलेल्या माणसाची ती नोंद आहे आणि त्याचे नाव बहुधा नाही. निदान तो दगड कोणत्या शिवारातून आला एवढे तरी लिहून ठेवले तर पुढच्या अभ्यासकाला धागा मिळेल. सातवी-आठवीच्या मुलांना हे काम दिले तर एका सत्रात होईल. पाडायचेच ठरले तर पाडण्याआधी नोंद व्हावी, ही मागणी कुणाच्याही श्रद्धेच्या आड येत नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, अर्धे गाव उन्हाळ्यापर्यंत रिकामे असते, तिथे दगडांची चिंता करणे ही चैन नव्हे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तो वारसा जपण्याच्या विरोधात जातो, हे मला पटत नाही. पहिली गोष्ट, सभामंडपावर पैसे खर्च होतच आहेत. प्रश्न खर्चाच्या दिशेचा आहे. दुसरी, काँक्रीटच्या कामात पैसा सिमेंट-सळईच्या दुकानात आणि कंत्राटदाराकडे जातो, तर चुन्याच्या दुरुस्तीत तो मुख्यतः मजुरीत, म्हणजे गवंडी, पाथरवट, वडार यांच्या हातात पडतो. तिसरी गोष्ट पाण्याची. बीड शहराजवळची खजाना विहीर १५८२ च्या सुमाराची, मूर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने राजा भास्कर या जाणकाराकडून बांधून घेतलेली. जमिनीखालच्या नहरांनी तिचे पाणी शेतांपर्यंत नेलेले आहे. दुष्काळातही तिला पाणी असते, ही तिची ख्याती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात जुन्या बारवा कचऱ्याने बुजलेल्या असाव्यात, हे कोडे मला उलगडत नाही. गेल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’ने लोकांना बारवांकडे वळवले; परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेचा गाळ गावाने काढला. १९७२ च्या दुष्काळात ज्या राज्याने रोजगार हमीची वाट धरली, त्याला गाळ काढण्याचे काम परके नसावे. जिथे वारसा आणि तहान एकाच खड्ड्यात आहेत, तिथे चैनीचा आरोप टिकत नाही.

सरकारने ताब्यात घ्यावे म्हणजे प्रश्न मिटेल, असेही काही जण सुचवतात. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहेत. पण सगळी जुनी देवळे, बारवा, गढ्या संरक्षित यादीत घेणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यातले नाही, आणि यादीत आलेल्या सगळ्या वास्तू सुखात आहेत असेही नाही. शिवाय केंद्रीय स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण हा २०१० चा नियम ऐकून गावे धास्तावतात. आपले घर वाढवता येणार नाही, या भीतीने जुन्या वास्तूची वाच्यताच करत नाहीत. ज्यांचे देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे त्यांना जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. पाचशे वर्षांचा मंडप उतरवायला मात्र असे कुणी आडवे येत नाही. निदान एवढे झाले तर पुष्कळ आहे: शंभर वर्षांपेक्षा जुन्या भागाला हात लावण्याआधी न्यासाने त्याची मोजमापे आणि छायाचित्रे दाखल करावीत, आणि तीर्थक्षेत्र निधीचा ठरावीक हिस्सा देखभालीसाठी राखल्याशिवाय नवे बांधकाम मंजूर होऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. शासन निर्णयाचे दोन परिच्छेद पुरतील.

सगळेच जपावे, असा माझा आग्रह नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर पडून. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाने धाब्याच्या घरावर विश्वास ठेवावा, असे त्याला शहरात बसून सांगणे निर्दयपणाचे ठरेल. काही वाडे जातील, काही गढ्या विरून जातील. ज्यांचे मालक पुण्या-मुंबईला आहेत आणि ज्यांच्यावर बारा हिस्सेदारांचा दावा आहे, ते वाडे वाचवणे गावाच्या हातात नाही. म्हणूनच जे सगळ्या गावाचे आहे ते आधी निवडावे: देऊळ, मशीद-दर्गा, बारव, वेस, दीपमाळ, वीरगळ. गाव आपले कशाला म्हणते, ते एवढ्या यादीवरूनही कळेल.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. ती नवरात्राच्या आगेमागे येते, आणि त्या वेळी तलवाड्यासारख्या गावातले ऊसतोडीचे लोकही बहुधा अजून घरीच असतात. ज्यांना हे पटत असेल त्यांनी त्या सभेत एकच ठराव मांडावा: गावातल्या जुन्या सार्वजनिक वास्तूंची नोंदवही पुढच्या ग्रामसभेपर्यंत पूर्ण करायची, आणि ती पूर्ण होईपर्यंत जुन्या बांधकामावर रंग, फरशी, सिमेंट यांतले काहीही चढवायचे नाही. ठरावाला सूचक आणि अनुमोदक, दोनच माणसे लागतात.